यंत्र एक, वाटेकरी अनेक

'सर्व्हर डाऊन आहे' हे तीन शब्दांचे वाक्य आता मराठी भाषेत पुरते रुळले आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगीसारख्या गावी सातबाराच्या उताऱ्यासाठी आलेला शेतकरी, शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी आलेला विद्यार्थी आणि शिधापत्रिकेवरचे नाव दुरुस्त करण्यासाठी आलेली गृहिणी, हे तिघेही सेवा केंद्राच्या दारातून याच वाक्यानिशी परत फिरतात. पूर्वी 'साहेब दौऱ्यावर आहेत' असे सांगण्यात येई. त्यात निदान साहेब नावाची एक व्यक्ती तरी होती. ती परत आली का, याची चौकशी करता येई; तिच्याविरुद्ध तक्रारही करता येई. सर्व्हर मात्र कोणी पाहिलेला नाही. तो कोठे असतो, का पडतो आणि कोण उठवतो हे ठाऊक नसल्यामुळे त्याचे पडणे आपण अवर्षणासारखे सोसतो. शेतकऱ्याचा एक दिवसाचा रोज बुडतो, एस.टी.चे भाडे वाया जाते आणि केंद्रावरील तरुण, ज्याचा या प्रकारात काडीचाही दोष नसतो, तो मात्र लोकांच्या शिव्या खातो.

वस्तुतः या एका वाक्याखाली तीन निरनिराळ्या गोष्टी झाकल्या जातात. पहिली, यंत्र खरोखरीच बिघडलेले असणे. दुसरी, यंत्र सुस्थितीत असून तेथवर पोचण्याची वाट तुटलेली असणे. तिसरी, यंत्रही चालू आहे, वाटही चालू आहे, परंतु त्या यंत्रातील जो वाटा या कामासाठी राखून ठेवला होता तो अपुरा पडलेला असणे. पहिल्या दोन गोष्टी अभियंत्यांच्या अखत्यारीतील आहेत. तिसरी गोष्ट मात्र अर्थशास्त्राची आहे. मर्यादित साधन, अनेक मागणीदार आणि वाटप करणारा एक अधिकारी, असे तिचे स्वरूप आहे. आणि अंतिम मुदतीच्या दिवशी सामान्य नागरिकाला जो त्रास होतो त्याचा बराच मोठा भाग याच तिसऱ्या प्रकारात मोडतो. म्हणून या विषयाची चर्चा केवळ संगणकतज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही.

आभासी यंत्र म्हणजे काय?

आज शासनाची, बँकांची किंवा विद्यापीठांची कामे ज्या संगणकांवर चालतात, त्यांतील बहुसंख्य संगणक हे स्वतंत्र, हाताला लागणारे यंत्र नसतात. एका बलाढ्य संगणकावर हायपरवायजर नावाची एक आज्ञाप्रणाली बसवलेली असते. ती त्या यंत्राचे प्रोसेसर, मेमरी आणि साठवणीची जागा यांचे भाग पाडते आणि एकाच लोखंडी पेटीत दहा, वीस वा त्याहून अधिक 'यंत्रे' उभी करते. यांतील प्रत्येकाला आपण स्वतंत्र संगणक आहोत असेच वाटत असते; शेजारी कोण आहे याचा त्याला पत्ता नसतो. यांनाच आभासी यंत्रे म्हणतात.

होटगीच्या माणसाला ही कल्पना अवघड वाटू नये. होटगी हे रेल्वेचे जंक्शन आहे. मुंबईहून वाडीमार्गे दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग आणि विजापूरवरून गदगकडे जाणारा लोहमार्ग येथे एकमेकांस मिळतात आणि पुढे सोलापूरपर्यंत दोन्हींकडील गाड्या एकाच वाटेने जातात. मेल असो, पॅसेंजर असो वा कोळशाची मालगाडी असो, प्रत्येकीला आपल्यापुरता रूळ मोकळाच दिसतो. कारण कंट्रोलच्या कचेरीत बसलेला कंट्रोलर प्रत्येकीला वेळेचा एक तुकडा नेमून देत असतो. कोणाला पुढे काढायचे आणि कोणाला लूप लाइनीवर उभे करायचे, हा निर्णय त्याचा. हायपरवायजर तेच काम सेकंदाच्या हजाराव्या भागात करतो, एवढाच काय तो फरक.

या जंक्शनाचा आणखी एक धडा आहे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर, अवर्षणग्रस्त मुलखात धान्य लवकर पोचावे या हेतूने होटगी-गदग हा मार्ग बांधण्यात आला. तो मीटर गेजचा होता, तर मुंबईचा मार्ग रुंद गेजचा. जेथे गेज बदलते तेथे एका वाघिणीतील माल उतरवून दुसरीत भरावा लागतो; त्यात वेळ जातो, हमाली जाते आणि नासधूसही होते. पूर्वीच्या संगणकांची स्थिती अशीच होती. जुन्या यंत्रावरील काम नव्या यंत्रावर न्यायचे म्हणजे सगळा माल उतरवून पुन्हा भरणे आले. आभासी यंत्राने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. ते यंत्र म्हणजे शेवटी एक फाइलच असल्यामुळे ते एका पेटीतून उचलून दुसऱ्या पेटीत ठेवता येते. आणि आता तर काम न थांबवता, चालू स्थितीतच, ते हलवण्याची सोयही झाली आहे.

ही युक्ती नवी नाही. आय.बी.एम. कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी प्रणाली विक्रीस आणली होती. त्या काळी संगणक इतका महाग होता, की एकाच यंत्रावर अनेकांनी काम करणे ही गरज होती. पुढे संगणक स्वस्त झाले आणि प्रत्येक कामाला स्वतंत्र यंत्र घेण्याची चाल पडली. ही युक्ती मागे पडली. १९९८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ती साध्या, स्वस्त संगणकांसाठी पुन्हा बाजारात आणली. २००३ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातून झेन आणि २००७ पासून लिनक्सबरोबरच मिळू लागलेली केव्हीएम, या मुक्त प्रणालींनी ती सर्वांच्या हाती दिली. आज ज्याला आपण 'क्लाउड' म्हणतो, त्याचा पाया हाच आहे.

काटकसरीचे अर्थकारण

प्रत्येक कामाला वेगळे यंत्र, या चालीची खरी किंमत फार उशिरा ध्यानात आली. गूगल कंपनीतील दोन अभियंत्यांनी २००७ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले होते, की सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या शक्तीच्या १० ते ५० टक्के इतकेच काम करत असतात. परंतु काहीही काम नसतानासुद्धा ते पूर्ण भाराच्या वेळी लागणाऱ्या विजेच्या सुमारे निम्मी वीज खातात. म्हणजे रिकामा बसलेला सर्व्हर हा घरी बसून अर्धा पगार घेणाऱ्या नोकरासारखा आहे. अशा दहा यंत्रांचे काम दोन यंत्रांवर एकवटले, तर यंत्रांची किंमत वाचते, जागा वाचते आणि वीजही वाचते.

सोलापूरकरांनी तर या हिशेबाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. होटगीपासून जवळच, फताटेवाडीच्या परिसरात, एन.टी.पी.सी.चे १,३२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे. त्याला उजनी धरणाचे पाणी लागते. आणि त्याच उजनीच्या पाण्यासाठी सोलापूर शहराने वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवस वाट पाहिली आहे. दूरच्या एखाद्या केंद्रात रिकामा फिरणारा सर्व्हर वीज खातो आणि वीज पाणी पिते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगातील एकूण विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज अशा संगणककेंद्रांनी वापरली. हा आकडा लहान वाटतो. पण तो वाढतो आहे.

तथापि काटकसरीचे साधन हाती आले म्हणजे काटकसर होतेच, असे नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच हे सांगून ठेवले आहे. वाफेचे इंजिन सुधारले, तेवढ्याच कामाला कोळसा कमी लागू लागला. परंतु त्यामुळे इंजिनांचा वापर इतका वाढला, की कोळशाचा एकूण खप वाढतच गेला. आभासी यंत्रांच्या बाबतीत नेमके हेच घडते. पूर्वी नवा सर्व्हर हवा असेल तर मागणीपत्र, निविदा, मंजुरी, खरेदी असा सहा-आठ महिन्यांचा मार्ग होता. आता व्यवस्थापकाने पडद्यावर चार रकाने भरले, की पाच मिनिटांत यंत्र उभे राहते. जे मिळण्यास सोपे ते मागण्यास स्वस्त. आणि जे मागण्यास स्वस्त ते परत करण्याची आठवण कोणास राहत नाही. कोणत्याही मोठ्या संस्थेत शोध घेतला, तर चाचणीसाठी उभारलेली, काम संपलेली, मालक बदलून गेलेली कितीतरी आभासी यंत्रे चालू स्थितीत सापडतील. शिधावाटपाच्या काळातील बोगस कार्डांची ही नवी आवृत्तीच म्हणावी लागेल.

पडद्यामागचा वाटपाधिकारी

आता त्या पडद्याकडेच वळू. आभासी यंत्रांचा कारभार पाहणाऱ्या व्यक्तीसमोर एक व्यवस्थापनाचे दालन उघडे असते. त्यात प्रत्येक यंत्राच्या नावापुढे किती प्रोसेसर, किती मेमरी, किती साठवण हे आकडे असतात आणि ते बदलण्याची मुभा असते. परंतु त्याहून महत्त्वाचे असे आणखी तीन रकाने तेथे असतात. पहिला 'राखीव'चा: इतरांची कितीही अडचण झाली, तरी या यंत्राला किमान एवढे मिळेलच. दुसरा 'कमाल मर्यादे'चा: साधन मोकळे पडलेले असले, तरी या यंत्राने याहून अधिक घ्यावयाचे नाही. तिसरा 'हिश्श्या'चा: टंचाईच्या प्रसंगी कोणाला कोणत्या प्रमाणात मिळावे, हे तो ठरवतो. एकाचे हिस्से दोन हजार आणि दुसऱ्याचे एक हजार असतील, तर दोघेही एकाच वेळी भुकेले झाल्यावर पहिल्याला दोन तृतीयांश आणि दुसऱ्याला एक तृतीयांश मिळेल. टंचाई नसेल तर या आकड्यांना काहीच अर्थ नाही. टंचाईत मात्र तेच सर्व काही ठरवतात.

हे तीन शब्द वाचताना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला किमान वेतन, कमाल जमीनधारणा आणि वित्त आयोगाचे वाटप यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कार्ल वाल्डस्परगर या संगणकशास्त्रज्ञाने २००२ साली लिहिलेल्या एका निबंधात तर चक्क 'रिकाम्या मेमरीवरील कर' ही कल्पना मांडलेली आहे. ज्या यंत्राने मेमरी घेऊन ठेवली पण वापरली नाही, त्याच्याकडे पडून असलेल्या भागाचा भाव वापरातील भागापेक्षा चढा धरायचा आणि टंचाई आली की प्रथम त्याच्याकडूनच काढून घ्यायची. व्हीएमवेअरच्या प्रणालीत हा कर ७५ टक्के इतका ठेवण्यात आला होता. पडीक जमिनीवर असा कर बसवावा, हे सांगणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना राजकारणात जे कधी साधले नाही, ते एका आज्ञाप्रणालीत गाजावाजा न होता अमलात आले.

येथे डॉ. धनंजयराव गाडगीळ यांचे स्मरण करणे उचित होईल. केंद्राने राज्यांना योजनासाह्य कसे वाटावे, याला १९६९ पूर्वी निश्चित सूत्र नव्हते; पुष्कळसे दिल्लीच्या मर्जीवर आणि राज्याच्या वजनावर अवलंबून असे. नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष असताना गाडगीळांनी सूत्र आणले: साठ टक्के भार लोकसंख्येला आणि उरलेले चाळीस टक्के दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू असलेले मोठे प्रकल्प आणि राज्याच्या विशेष अडचणी यांना समसमान. या सूत्रावर पुढे टीका झाली, त्यात बदलही झाले. परंतु त्याचा मोठा गुण हा, की ते उघड होते. आपल्याला किती मिळेल आणि का मिळेल, हे कोणत्याही राज्याला कागदावर पाहता येत होते. आभासी यंत्रांच्या हिश्श्यांचे असे कोणते सूत्र आपल्याकडे कोणी जाहीर केलेले आहे? टंचाईच्या घटकेला रुग्णालयाच्या नोंदींना अग्रक्रम की मंत्रालयातील समारंभाच्या थेट प्रक्षेपणाला? विम्याच्या अर्जाला की जाहिरातींच्या चित्रांना? हे प्रश्न धोरणाचे आहेत. प्रत्यक्षात त्यांची उत्तरे कंत्राटावर नेमलेला एखादा तरुण, रात्रपाळीत, वरून आलेल्या दूरध्वनीनुसार देत असतो. त्याच्या हाती एवढी सत्ता आहे याची जाणीव त्यालाही नसते आणि त्याच्या वरिष्ठांनाही नसते.

सगळे एकाच दिवशी

या व्यवस्थेचे आणखी एक अंग समजून घेतले पाहिजे. कारण 'सर्व्हर डाऊन'चे मर्म तेथे आहे. समजा, एका पेटीत २५६ जीबी मेमरी आहे. व्यवस्थापक तिच्यावर प्रत्येकी ३२ जीबीची बारा आभासी यंत्रे उभी करतो. कागदावर वाटप झाले ३८४ जीबीचे, म्हणजे आहे त्याच्या दीडपट. ही लबाडी नव्हे. प्रत्येक यंत्र सरासरीने १५ जीबीच वापरत असेल, तर एकूण वापर १८० जीबी होतो आणि सर्व सुखाने नांदतात. बँका तरी दुसरे काय करतात? ठेवीदारांनी ठेवलेली सर्व रक्कम बँकेच्या तिजोरीत कधीच नसते. सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढायला येणार नाहीत, या विश्वासावर तिचा व्यवहार चालतो. विमा कंपनीही सर्व घरांना एकाच रात्री आग लागणार नाही, या हिशेबावरच हप्ता ठरवते. परंतु या हिशेबाला एक अट आहे: मागणी करणारे परस्परांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. त्या बारा यंत्रांनी एकाच घटकेला २५-२५ जीबी मागितले, की बेरीज ३०० होते आणि पेटीत असतात २५६. मग प्रणाली मेमरीतील मजकूर संथ गतीच्या साठवणीवर ढकलू लागते, प्रत्येक काम रेंगाळते, वाट पाहणारे पुन्हा पुन्हा बटण दाबतात, त्यामुळे मागणी आणखी वाढते, आणि बँकेच्या दारातील गर्दीसारखी अवस्था होते.

आता आपल्या शासकीय कारभाराकडे पाहा. खाजगी दुकानदाराचे गिऱ्हाईक दिवसभर विखुरलेले असते. शासनाचे गिऱ्हाईक शासनच अंतिम मुदत नेमून देऊन एका दिवशी गोळा करते. २०२३ च्या खरिपात महाराष्ट्राने एक रुपयात पीकविमा ही योजना आणली. (ही सवलत २०२५ पासून बंद झाली.) त्या हंगामात राज्यातून दीड कोटीहून अधिक अर्ज आले. अंतिम तारीख ३१ जुलै होती. शेवटच्या दिवसांत संकेतस्थळावर एकच झुंबड उडाली आणि मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. त्यापूर्वी, २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता, अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविनवर लसीची नोंदणी खुली झाली, तेव्हाही सुरुवातीला ती व्यवस्था अडखळली. पुढे त्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांची नोंदणी झाली, ही गोष्टही तितकीच खरी. परीक्षांचे निकाल, प्रवेशाच्या याद्या, भरतीचे अर्ज यांचेही असेच आहे. पाऊस कधी येईल हे वेधशाळेलाही नक्की सांगता येत नाही. पण ३१ जुलै कधी येईल, हे भिंतीवरचे कॅलेंडर सांगते. जी गर्दी आपणच तारीख देऊन बोलावलेली आहे, तिच्यासाठी जागा केली नाही, तर त्याला आपत्ती म्हणता येणार नाही.

साठेबाजी आणि दर

'मग यंत्रे वाढवा', असे कोणी म्हणेल. ते काही प्रमाणात बरोबरही आहे. परंतु हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी १९८० साली टंचाईच्या अर्थव्यवस्थेवर लिहिलेल्या ग्रंथात जे विवेचन केले, ते येथे तंतोतंत लागू पडते. जेथे साधनाला भाव नाही आणि ते पुन्हा मिळेल याची खात्री नाही, तेथे प्रत्येक संस्था गरजेपेक्षा अधिक मागते आणि मिळालेले दाबून ठेवते. या साठेबाजीमुळेच टंचाई वाढते आणि टंचाई वाढली म्हणून साठेबाजी वाढते. शासकीय खात्याला क्लाउडवरील यंत्राचे बिल स्वतःच्या अंदाजपत्रकातून द्यावे लागत नसेल, तर चार प्रोसेसरांचे काम असताना सोळा मागण्यात त्याचे नुकसान काय? गंमत अशी, की अधिक मागितल्याने काम जलद होतेच असेही नाही. पुष्कळ प्रोसेसर असलेल्या यंत्राला ते मोकळे मिळेपर्यंत कधी कधी अधिकच ताटकळावे लागते. परंतु मागणीपत्रात मोठा आकडा लिहिण्याने जो मान वाढतो, तो कोणाला नको आहे?

'सर्व काही खाजगी कंपन्यांच्या क्लाउडवर न्या', हा दुसरा उपाय सुचवला जातो. मायक्रोसॉफ्टचे केंद्र पुण्यात २०१५ पासून आणि ॲमेझॉनचे मुंबईत २०१६ पासून आहे. तेथे हवी तेव्हा यंत्रे वाढवता येतात आणि काम सरल्यावर कमी करता येतात, हा लाभ मोठा आहे. अंतिम मुदतीच्या आठवड्यासाठी तर तो अमोल आहे. परंतु तेथे मीटर चालू असते. घरातील दिवे मालवण्याची सवय नसलेल्या माणसाने हॉटेलात राहायला जावे, तसे होईल. शिवाय परावलंबनाचा धोका राहतो. ब्रॉडकॉम या कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात एकदाच किंमत देऊन कायम वापरायचे परवाने विकणे बंद करून वार्षिक वर्गणीची पद्धत लागू केली. जगभरातील अनेक संस्थांची बिले त्यामुळे एकाएकी वाढली. ज्यांनी वर्षानुवर्षे आपला सगळा कारभार त्या एकाच दालनातून चालवला होता, त्यांना दुसरे घर शोधण्यास सवडच नव्हती. मक्तेदारीचे पाठ आपण वर्गात शिकवतो. हे त्याचे चालू उदाहरण होय.

आपल्याकडे पर्याय नाहीत असे नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ ची. त्याची मोठी संगणककेंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत, आणि 'मेघराज' हा शासकीय क्लाउड २०१४ पासून चालू आहे. मुक्त प्रणालीही उपलब्ध आहेत. प्रश्न साधनांच्या अभावाचा कमी आणि त्यांच्या कारभाराचा अधिक आहे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, मुदतींचे वेळापत्रक आणि यंत्रांचे वेळापत्रक एकत्र बसून आखावे. ज्या खात्याला एखादी अंतिम तारीख जाहीर करायची आहे, त्याने त्या आठवड्यासाठी किती वाढीव वाटा लागेल हे आधी ठरवून घेतल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. त्याहून सोपा आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे मुदतच विभागणे: अमुक जिल्ह्यांना अमुक तारीख, पुढच्या जिल्ह्यांना पुढची. धुळे-नाशिककडील फड पद्धतीत नदीचे पाणी पाळीने घेण्याची रीत शेतकऱ्यांनी स्वतःच बसवली होती आणि पाळी सांभाळण्यासाठी पाटकरी नेमले होते. सामायिक साधन लोक एकत्र येऊन नीट सांभाळू शकतात, हे जगभरातील अशा उदाहरणांवरून दाखवून देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाळीचे जे शहाणपण पाण्याला चालते, ते प्रोसेसरला चालण्यास हरकत नसावी.

दुसरी गोष्ट, प्रत्येक खात्याला त्याच्या आभासी यंत्रांचे मासिक बिल दाखवावे. पैसे प्रत्यक्ष वसूल केले नाहीत तरी चालेल. किती घेतले, किती वापरले आणि त्याची बाजारभावाने किंमत काय झाली, हे खातेप्रमुखाच्या टेबलावर दरमहा आले, तर निम्मी साठेबाजी केवळ लाजेपोटी कमी होईल. जे यंत्र तीन महिने रिकामे आहे, त्याच्या मालकाला सूचना द्यावी आणि उत्तर न आल्यास ते बंद करावे.

तिसरी गोष्ट, टंचाईच्या वेळचा अग्रक्रम लेखी आणि जाहीर असावा. कोणत्या सेवेला किती राखीव, कोणाला किती हिस्से, हे ठरवणे तंत्रज्ञाकडून काढून जबाबदार समितीकडे द्यावे. तंत्रज्ञाने ते अमलात आणावे. धरणाचे पाणी सोडण्यासाठी कालवा सल्लागार समिती असते. तिच्या बैठकीत भांडणे होतात हे खरे, परंतु निदान ती उघड होतात.

चौथी गोष्ट, नागरिकाला कारण कळले पाहिजे. सेवा केंद्राच्या पडद्यावर 'सर्व्हर डाऊन' एवढेच न उमटता, बिघाड आहे की गर्दी आहे, आपला क्रमांक कितवा आणि साधारण किती वाजता पुन्हा यावे, हे उमटावे. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड असे काही नाही. आणि गर्दीमुळे ज्याचा अर्ज राहिला, त्याने त्या दिवशी प्रयत्न केल्याची नोंद आपोआप राहावी, म्हणजे मुदतवाढीसाठी त्याला कोणाच्या कृपेची वाट पाहावी लागणार नाही.

शेवटची गोष्ट आमच्या शिक्षकवर्गाच्या अखत्यारीतील आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आभासी यंत्र कसे उभारावे हे शिकवले जाते, पण वाटप न्याय्य कसे करावे हे शिकवले जात नाही. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला न्याय्य वाटपाचे सिद्धान्त शिकवले जातात, पण ते आज कोणत्या पडद्यावर ठरते हे दाखवले जात नाही. मुक्त प्रणाली फुकट मिळतात. महाविद्यालयात पडून असलेल्या एका जुन्या, पण थोड्या मोठ्या संगणकावर त्या बसवता येतात. दोन विभागांनी मिळून असे एक दालन उघडले, पाच गटांना एक सामायिक यंत्र दिले आणि टंचाई निर्माण करून वाटपाचे नियम त्यांनाच ठरवायला सांगितले, तर जे शिक्षण होईल ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातून होणार नाही.

आपल्या पिढीने रेशनची रांग पाहिली, रॉकेलची पाहिली, गॅसच्या सिलिंडरची पाहिली. प्रत्येक रांगेपुढे कोणीतरी वाटप करणारा उभा होता आणि लोक त्याला ओळखत होते. नव्या रांगेत माणसे घरोघरी, सेवा केंद्रोकेंद्री विखुरलेली असल्यामुळे रांग दिसत नाही आणि वाटप करणाराही दिसत नाही. म्हणून रांग नाहीच, असा समज होतो. ती आहे, तिला नियम आहेत, आणि ते नियम कोणीतरी माणसाने, कोणत्यातरी पडद्यासमोर बसून भरलेले आहेत. माणसाने भरलेले आकडे विचारण्याचा आणि बदलण्याचा हक्क, ज्यांच्या करातून ते यंत्र विकत घेतले त्या नागरिकांना आहे. यापुढे 'सर्व्हर डाऊन आहे' असे ऐकू आले, तर निमूटपणे परत न फिरता एवढेच विचारावे: बिघडला आहे, की आमच्या वाट्याला आलेला नाही?